छतावरची गल्ली

बारकूला बारकू म्हणायला लागले ते तो जन्मला तेव्हाच्या वजनावरून. पुढे दारातून आत येताना मान खाली घालावी लागेल एवढा तो वाढला, पण नाव काही वाढलं नाही. जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंचे दिवे करणं हा त्याचा धंदा. शिवणयंत्राचा पाय, सायकलचं चाक, गंजका पंप, काहीही हाताला लागलं की त्यात बल्ब कुठे बसेल ते त्याला आधी दिसायचं. त्याची मोठी बहीण म्हणायची, "तुझ्यापुढे फार वेळ उभं राहायची भीती वाटते रे मला. एखाद दिवशी माझ्या डोक्यात होल्डर बसवशील."

ताई टपाल वाटायची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. खाली बारकूचं कामाचं दुकान, वर दोन खोल्या, आणि समोर ती गल्ली. गल्लीतली सगळी तिला टपालताई म्हणायची. कुणाच्या घरी कोण आलंय, कोण रुसून गेलंय, कुणाचं कुत्रं पाकीट तोंडात घेऊन पळतं, हे सगळं तिच्या पायांना पाठ होतं. घरात बसून राहणं तिला माहीतच नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही ती उगाच एक फेरी मारून यायची.

अशी ही बाई एका इमारतीच्या ओल्या जिन्यावरून घसरली आणि पाठीचा मणका मोडून बसली. बसली कसली, बसायचीच तर बंदी होती. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चिरफाड नको, हाड आपोआप जुळेल, पण तोवर उताणं पडून राहायचं. कूस बदलायची ती दुसऱ्यांनी धरून. मान उचलायची नाही. "थोडे दिवस छत बघा," डॉक्टर हसत म्हणाले होते. त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं, पण ताईच्या वाट्याला अक्षरशः तेवढंच आलं. पांढरं छत, त्यात एक पंखा आणि एका कोपऱ्यात ओल आलेला डाग.

सुरुवातीला ती आवाजावरून गल्ली चालवायची. "चावीवाल्याचं शटर आज उशिरा उघडलं." "शिंपीणबाईचं मशीन कुरकुरतंय, तेल घाल म्हणावं." मग हळूहळू तिने ते बोलणं सोडलं. बारकू जेवण घेऊन वर गेला की ती तोंड उघडायची, खायची, आणि पुन्हा छताकडे बघत राहायची. दुखतंय का विचारलं तर "नाही" म्हणायची. आरडाओरडा करणारी बहीण त्याला सवयीची होती. ही गप्प बहीण बघून तो रिकामं ताट घेऊन उगाच दारात घुटमळायचा.

त्याच सुमारास गल्लीच्या टोकाचा फोटो स्टुडिओ बंद झाला. फोटोकाकांचे हात आता थरथरायला लागले होते, आणि तसाही स्टुडिओत जाऊन फोटो काढणारं कोण उरलं होतं? काकांनी बारकूला बोलावून घेतलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

"बघ, तुझ्या कामाचं काही आहे का."

आत परातीएवढ्या वाट्यांचे दिवे चाकांच्या लोखंडी स्टँडवर माना टाकून उभे होते. आणि मधोमध, काळं फडकं पांघरून, तो कॅमेरा. लाकडाचा, माणसाच्या छातीएवढा उंच, पुढे पितळी नळीत बसवलेलं मोठं भिंग, मागे दुधी काच, आणि दोघांच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा चामडी भाता.

"दिवे कर, टेबल कर, हवं ते कर," काका म्हणाले. "भंगारात नको जायला एवढंच. आणि भिंगाला ओला हात लावू नकोस."

बारकूने सगळं हातगाडीवर घालून दुकानात आणलं. एका हॉटेलवाल्याला दारात ठेवायला काहीतरी भव्य हवं होतं. बारकूच्या डोळ्यांपुढे चित्र तयारच होतं: तोच कॅमेरा, पोटात पिवळा दिवा आणि दुधी काच आतून उजळलेली. भोक कुठे पाडायचं तिथे त्याने खडूची खूणही केली. ड्रिल हातात घेतलं, आणि आत किती जागा आहे ते बघावं म्हणून भाता ओढून लांब केला. कॅमेऱ्याचं तोंड उघड्या दाराकडे होतं. सकाळचं ऊन समोरच्या दुकानांवर पडलं होतं. काच नीट दिसेना म्हणून त्याने काळं फडकं डोक्यावर ओढलं.

काचेवर गल्ली होती.

उलटी होती, पण होती. आभाळ खाली, रस्ता वर. चावीवाल्याची निळी पाटी, तिच्याखाली, म्हणजे वर, त्याचं टक्कल. एक बाई लाल पिशवी घेऊन डोक्यावर चालत गेली. झाडाची पानं हलत होती, आणि एकेक पान वेगळं दिसत होतं. फोन नाहीतर टीव्हीच्या पडद्यावर बारकूने लाख चित्रं पाहिली होती, पण हे तसं नव्हतं. ह्या रंगांना चकाकी नव्हती. पाण्याच्या तळाशी पडलेल्या वस्तूंसारखे ते शांत होते. जुन्या कॅमेऱ्यात सगळं काळंपांढरंच दिसत असणार अशी त्याची आपली एक समजूत होती, त्यामुळे त्या लाल पिशवीनेच त्याला आधी हलवलं.

आयुष्य विजेत गेलेला माणूस तो. फडक्याखालूनच त्याने हात बाहेर काढला आणि कॅमेऱ्याच्या खाली, मागे, बाजूला चाचपून पाहिलं. वायर नव्हती. बॅटरी नव्हती. काहीही लावलेलं नव्हतं आणि गल्ली चालू होती.

त्याने ड्रिल खाली ठेवलं आणि तसाच काकांकडे पळाला.

"काका, तो चालू आहे!"

"कोण?"

"कॅमेरा! आत सगळं हलतंय!"

काकांना हसू आवरेना. काकू आतून बघायला आल्या, काय झालं म्हणून. "अरे, तो बंद कधी होता?" काका म्हणाले. "भिंगासमोर उजेड आणि मागे अंधार, एवढंच लागतं त्याला. मी फोटो काढणं बंद केलं, समोरची गल्ली थोडीच बंद केली?"

बारकू दम खात उभा राहिला. मग त्याने विचारलं, "काका, हे वर नेता येईल? ताईच्या डोक्यावर?"

काकांचं हसू थांबलं. त्यांनी जिन्याकडे पाहावं तसं वर पाहिलं, मनात काहीतरी मोजलं आणि चपला शोधायला लागले.

पुढचे काही दिवस दोघं त्यातच गढून गेले. खिडकीला प्लायवुडची फळी ठोकून खोलीत अंधार केला. फळीला भोक पाडून तिथे कॅमेऱ्याचा पुढचा भाग भात्यासकट बसवला आणि भिंग जरा खाली, रस्त्याकडे झुकवलं. भिंगाच्या नळीत पुढे एक आणि मागे एक असे दोन काचांचे जोड होते. काकांनी पुढचा जोड काढायला लावला. "दोघं मिळून चित्र जवळ टाकतात. एकटा असला की लांब टाकतो, आणि मोठं." चित्र वर वळवायला बारकूने भात्याच्या तोंडाशी एक आरसा तिरका बसवला. पलंगाच्या वर दोऱ्यांनी एक पांढरी फळी आडवी टांगली. ठोकाठोकीने डोळ्यांत भुसा गेला तेव्हा ताई म्हणाली, "मला जिवंतपणी पेटीत घालताय का रे?"

शेवटी काकांनी पितळी नळीवरचं झाकण काढलं.

फळीवर आधी नुसता धुरकट उजेड पसरला. बारकूने फळीची एक दोरी ओढली, दुसरी सैल केली, आणि त्या धुक्यातून एकदम कडा उमटल्या. दुकानं. तारा. माणसं. ताईने श्वास आत घेतलेला त्याला ऐकू आला.

पण सगळं उलटं. ताईचे पाय खिडकीकडे होते आणि तिच्या डोळ्यांवर माणसं वरती पाय करून लटकत चालली होती. थोडा वेळ तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "गरगरतंय रे. सगळी आता माझ्या अंगावर पडतील."

बारकूचा चेहरा उतरला. त्याने आणखी एक आरसा आणला, तो मध्ये धरला, तर चित्र भिंतीवर पळालं. आरसा फिरवला, तर अंधुक झालं. काका म्हणाले असं धर, बारकू म्हणाला तसं नाही. दोघं एकमेकांच्या हातातून आरसा ओढायला लागले.

"अहो शहाण्यांनो," पलंगावरून आवाज आला. बऱ्याच दिवसांनी त्या आवाजाला धार होती. "चित्र कशाला फिरवताय? मला फिरवा की."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

पलंग ताईसकट उचलायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. बारकू खाली जाऊन चावीवाल्याला आणि शिंपीणबाईंना घेऊन आला. चार पायांना चौघं लागले. "हळू," "दाराला लागेल," "माझा पाय, माझा पाय," असं करत पलंग इंच इंच फिरवून, ताईचं डोकं खिडकीकडे आणि पाय खोलीकडे असा ठेवला. सगळ्यांच्या अंगाला घाम फुटला होता. मग बारकूने खोलीचं दार लावून घेतलं.

ताईच्या डोक्यावर तिची गल्ली सरळ उभी होती.

वर आभाळ, खाली रस्ता. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. चावीवाल्याच्या निळ्या पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. झाडाची सावली भिंतीवर हलत होती. एक मांजर शटरच्या पायरीवर बसून अंग चाटत होतं. सायकलवरून कुणीतरी गेलं आणि त्याच क्षणी बाहेरून घंटी ऐकू आली. बाकीचेही हळूहळू खाली बसले, मग एकेक करत जमिनीवर आडवे झाले, खिडकीकडे डोकं करून. नाहीतर त्यांना सरळ दिसेना. आपल्याच गल्लीकडे ते असे बघत होते, जणू कुणी ती आताच तयार करून, ओली असताना, तिथे ठेवली होती. रोज त्याच रस्त्यावर बसणारा चावीवाला पुटपुटला, "एवढं सुंदर आहे होय आपल्याकडे?"

उताण्या माणसाचे अश्रू गालांवरून ओघळत नाहीत, ते कानांत जातात. बारकूने ते पाहिलं आणि रुमालाच्या टोकाने ताईचे दोन्ही कान पुसले.

त्या दिवसापासून ताई पुन्हा गल्ली चालवायला लागली. तिच्या जागी आलेला बदली टपालवाला कुठे चुकतोय ते तिला छतावर दिसायचं. "बारकू, हाक मार त्याला! ते दार मागचं आहे, पुढचं नाही!" बारकू खाली धावायचा आणि टपालवाला बिचारा चक्रावून वर बघायचा. खिडकीला तर फळी ठोकलेली, मग बाई बघते कुठून? ही गोष्ट गल्लीभर झाली. येणारेजाणारे त्या पितळी डोळ्याकडे बघून हात करायला लागले. शिंपीणबाईंनी नवा झगा अंगाला लावून दाखवला. चावीवाला नातवंडाला उंच धरायचा. ताईही पलंगावरून हात करायची. तो कुणाला दिसत नाही हे तिच्या ध्यानातच यायचं नाही.

फक्त ऊन उतरलं की अडचण व्हायची. समोरच्या इमारतीमागे सूर्य गेला की फळीवरचे रंग आधी राखाडी व्हायचे, मग काहीच उरायचं नाही. "विझली गल्ली," ताई म्हणायची. आणि जी माणसं तिला बघायची असायची, ती कामावरून नेमकी त्यानंतर परतायची.

बारकूने दुकानातल्या दिव्यांकडे पाहिलं. परातीएवढ्या वाट्या तशाच माना टाकून उभ्या होत्या. हॉटेलवाल्याला त्याने तोवर नाही म्हणून कळवलं होतं. त्याने दिवे खोलले. आतल्या कापडी वेष्टणाच्या वायरी हात लावताच बिस्किटासारख्या चुरल्या. त्याने नवीन वायरी ओढल्या, नवे होल्डर, त्यात आजचे प्रखर बल्ब, आणि वाट्या चिंचेने पितळ घासावं तशा घासून आतून आरशासारख्या केल्या. दिवेलागणीच्या आधी सगळे दिवे ढकलत नेऊन चावीवाल्याच्या शटरसमोर उभे केले.

"तोंडावर नको मारू!" मागून काका ओरडले. "माणूस आहे, चोर नाही. हा जरा वर घे. बाजूने येऊ दे. माणसाला नाक असतं, त्याला सावली लागते." काकांचे हात थरथरत होतेच, पण दिव्याच्या मानेवर पडले की थांबत होते. एक दिवा भिंतीवर वळवला, एक मागे नेला. मग स्वतः त्या उजेडात उभे राहून त्यांनी तळहात चेहऱ्यापाशी फिरवून पाहिला आणि मान हलवली.

लोक आले. कामाच्या कपड्यांत, हातात पिशव्या, पाय दुखत असलेले. एकेक जण उजेडात येऊन उभा राहायचा, वर पितळी डोळ्याकडे बघायचा. आणि वर अंधाऱ्या खोलीत ताईच्या डोक्यावर, काळ्याभोर गल्लीतून ते चेहरे एकामागून एक उजळत होते. दिवसा ती गल्ली असायची, आता ती माणसं होती. बस चालवणारा शेजारी दिवसभर ओरडून ओरडून बसलेल्या घशाने काहीतरी सांगत होता. त्याच्या कपाळावरची प्रत्येक आठी तिला दिसली. लाँड्रीवाल्या बाईच्या डोळ्यांत दोन दिवे होते. ताई प्रत्येकाचं नाव घेत होती, कुणी विचारलं नसताना, हळू आवाजात.

"काका, तुम्ही बघा ना येऊन," बारकू म्हणाला.

काका जिना चढून आले. पलंगाशेजारी सतरंजी घातली होती. गुडघे धरत धरत ते सतरंजीवर, खिडकीकडे डोकं करून, आडवे झाले. खाली तेव्हा कुणी नव्हतं, नुसता उजेड होता.

"काकूंना उभं करा," ताई म्हणाली.

बारकूने जिन्यातून हाक मारली. खाली काकूंचा आवाज चढला. आता ह्या वयात कसले फोटो, केस बघा माझे, गॅसवर दूध आहे. तरी त्या आल्या. पदराला हात पुसत उजेडात उभ्या राहिल्या. उजेड डोळ्यांत गेला म्हणून त्यांनी कपाळावर हात धरला. मग तो काढला. शेजारच्या कुणाला तरी काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या.

काका डोळे बारीक करून बघत राहिले. बारकूला वाटलं त्यांना नीट दिसत नसेल, म्हणून तो दोरी ओढायला पुढे झाला.

"राहू दे," काका म्हणाले. "हात नको लावू."

"स्पष्ट आहे ना?"

"ही अशी आहे होय," काका म्हणाले.

ताईला हसू आलं. "अहो, रोज बघता की तुम्ही त्यांना!"

"घरात बघतो. भिंगातून अशी नाही. भिंगात ती मला कायम उलटी दिसली. लग्न झालं तेव्हापासून शेकडो वेळा उभी केली असेल हिला ह्याच भिंगासमोर, दिव्यांची जागा ठरवायला समोर माणूस लागतो म्हणून. काळ्या फडक्याखाली मी, आणि काचेवर ही, डोकं खाली. आणि मी ओरडायचो, हलू नकोस. श्वास सोडू नकोस. हसलीस तर फोटोची प्लेट वाया जाईल. आणि आता ही हलते बघ कशी."

फळीवर काकू मान वळवून कुणाशी तरी भांडत होत्या. कानातलं चमकत होतं. वाऱ्याने केसांची एक बट उडाली आणि त्यांनी ती हाताने मागे सारली, आणि त्या हाताची सावली गालावरून गेली.

"झालं का काढून?" खालून काकूंची हाक आली. "पाय दुखायला लागले माझे!"

बारकू जिन्याकडे वळला. "काय सांगू काका?"

"सांग तिला, काढत नाहीये काही," काका म्हणाले. त्यांचे डोळे फळीवरून हलले नाहीत. "हल म्हणावं. पाहिजे तेवढी हल."

बारकूने निरोप दिला. काकू वैतागून वर बघत हात हवेत उडवून निघून गेल्या, आणि तेही काकांनी शेवटपर्यंत पाहिलं, पदराचं टोक उजेडाबाहेर जाईपर्यंत.

ताईचं हाड जुळलं. आधी उशीला टेकून, मग पट्टा बांधून ती बसायला लागली. डॉक्टर घरी तपासायला आले तेव्हा अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकून आधी थबकले. मग ताईने त्यांनाही सतरंजीवर झोपवलं. बूट बाहेर काढून, टाय पोटावर ठेवून ते पडून राहिले, आणि दुसऱ्या पेशंटची वेळ झाली हे त्यांना ताईनेच सांगितलं. उठल्यावर त्यांनी विचारलं, असं आणखी एक करता येईल का, वॉर्डात बसवायला?

काकांच्या माळ्यावर धाकटा कॅमेरा होता. त्याचं भिंग चांगलं निघालं, भाता फाटला होता तो बारकूने चामड्याचे तुकडे चिकटवून दुरुस्त केला. हॉस्पिटलच्या त्या खिडकीतून गल्लीसारखं काही दिसत नव्हतं, एक झाड, एक भिंत आणि पुष्कळ आभाळ. बारकूला ते फारच साधं वाटलं. ताई पट्टा बांधून, काठी टेकत सोबत आली होती. तिथे क्रेन चालवणारा एक माणूस महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये उताणा पडला होता. तो कुणाशी बोलत नाही, असं नर्सने आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याचं डोकं खिडकीकडे करून पलंग फिरवला. बारकूने झाकण काढलं, दोरी ओढली. फळीवर झाड उमटलं, त्याची पानं हलली. भिंतीवरून एक पक्षी उडाला आणि फांदीवर जाऊन बसला.

क्रेनवाल्याने चादरीखालून एक हात बाहेर काढला, बोट वर केलं, आणि आभाळातून सरकणाऱ्या एका ढगाच्या कडेकडेने ते हळूहळू नेत राहिला. औषध घेऊन आलेली नर्स त्याच्या उशाशी तशीच थांबली, मान वर करून, हातात पाण्याचा पेला धरून.